उपोषण दारात, अणे खुर्चीत

माझं गाव वडीगोद्री. तालुका अंबड, जिल्हा जालना, सोलापूर-धुळे महामार्गावर. काही वर्षांपूर्वीपर्यंत पुण्यात गावाचं नाव सांगितलं की "हे कुठं आलं?" हा प्रश्न ठरलेला असायचा. आता तो येत नाही. २९ ऑगस्ट २०२३ ला शेजारच्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले. १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला आणि आमचा सगळा भाग राज्यभरच्या मोबाइलवर पोचला. पुढे १३ जून २०२४ ला खुद्द वडीगोद्रीत लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे ओबीसी आरक्षणाला धक्का लागू नये म्हणून बसले. २२ जूनला सरकारचं शिष्टमंडळ गावात आलं आणि ते उपोषण थांबलं.

दोन्ही मागण्यांवर गावागावात, घराघरात मतं आहेत. त्यात इथे शिरत नाही. माझं कुतूहल वेगळं आहे. उपोषणात कॅमेरा नेहमी मंडपाकडे असतो. वजन किती घटलं, पाणी घेतलं का, सलाइन लावलं का. पण उपोषणाला दुसरं टोक असतं. तिकडे एक खुर्ची असते आणि खुर्चीत माणूस असतो. त्याला त्या दिवसांत झोप लागते का? मागणी मान्य करणं त्याच्या हातात असतं का? आणि हातात नसेल तर त्याने खुर्ची सोडावी की धरून ठेवावी?

या प्रश्नाच्या मागे लागल्यावर मला माधव श्रीहरी अणे भेटले. लोकनायक बापूजी अणे. यवतमाळ-नागपूरकडे त्यांच्या नावाचे चौक आणि संस्था आहेत. मराठवाड्यात आमच्या वयाच्या मुलांना ते फारसे माहीत नसतात. सुरुवातीला शाळेतले मास्तर, मग वकील, मग जंगल सत्याग्रहातले कैदी, मग थेट व्हाइसरॉयच्या कार्यकारी परिषदेचे सदस्य आणि स्वातंत्र्यानंतर बिहारचे राज्यपाल. या प्रवासात निदान तीन वेळा कुणीतरी उपोषणाला बसलेलं होतं आणि दुसऱ्या टोकाच्या खुर्चीत अणे होते.

एकाच निजामाची दोन गावं

अणे यांचा जन्म २९ ऑगस्ट १८८० चा, वणीचा. वणी वऱ्हाडात, आजच्या यवतमाळ जिल्ह्यात. वडीगोद्रीपासून ती लांब आहे, पण कागदावर दोन्ही गावांचा मालक एकच होता. आमचा अंबड तालुका हैदराबाद संस्थानात, सरळ निजामाच्या अमलाखाली. वऱ्हाडही निजामाचंच, पण १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने ते वर्षाला २५ लाख रुपये देऊन कायमच्या भाडेपट्ट्यावर घेतलं. म्हणजे घर निजामाचं आणि भाडेकरू इंग्रज.

त्या भाडेपट्ट्याने दोन गावांचं नशीब वेगळं केलं. वऱ्हाडात वकिली, वर्तमानपत्रं, सभा, टिळकांचे दौरे हे सगळं अडखळत का होईना चालू राहिलं. आमच्याकडे सभेलाही परवानगी लागायची. अणे नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले, पदवी घेतली आणि १९०४ ते १९०७ अमरावतीच्या काशीबाई प्रायव्हेट हायस्कूलमध्ये शिक्षक होते. मग कायद्याची परीक्षा दिली आणि १९०८ पासून यवतमाळला वकिली सुरू केली.

तीनच वर्षांची मास्तरकी. पण तिची खूण पुढे कायम राहिली असं मला वाटतं. अणे संस्कृतचे गाढे पंडित होते. राजकारणातली इतकी वर्षं उलटल्यावर त्यांनी शेवटी हात घातला तो लोकमान्य टिळकांवरच्या संस्कृत महाकाव्याला. 'श्रीतिलकयशोऽर्णव' हे ते हजारो श्लोकांचं काव्य. त्याला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा कवी जाऊन पाच वर्षं झाली होती. गुरूचं चरित्र वृत्तात बसवत बसणारा हा माणूस घोषणांवर जगणारा नव्हता. नियम, अन्वय, अपवाद यांत रमणारा होता.

असहमत, तरी तुरुंगात

टिळकांचे अनुयायी गांधीजींच्या काळात अडचणीत आले. असहकार म्हणजे कायदेमंडळावर, कोर्टावर बहिष्कार. टिळकपंथीयांचं म्हणणं असं की सरकार जेवढं देईल तेवढं घ्यावं, त्यात बसून भांडावं आणि उरलेलं मागावं. याला ते प्रतियोगी सहकारिता म्हणत. १९२६ च्या सुमारास न. चिं. केळकर, बॅरिस्टर जयकर, डॉ. मुंजे आणि अणे यांचा तसा पक्षच उभा राहिला. अणे मध्यवर्ती कायदेमंडळात निवडूनही गेले.

थोडक्यात, खुर्ची वाईट नसते, ती कशासाठी वापरता ते महत्त्वाचं, हे त्यांचं मत १९४१ मध्ये अचानक झालेलं नव्हतं.

आणि तरीही १९३० मध्ये गांधीजींनी मिठाचा सत्याग्रह केला तेव्हा अणे मागे राहिले नाहीत. वऱ्हाडात समुद्र नाही. अकोल्याजवळ दहीहंड्याला खाऱ्या पाण्याच्या विहिरी होत्या, तिथे मीठ तयार करून कायदा मोडला गेला. पण बहुतेक वऱ्हाडाला भिडणारा कायदा मिठाचा नव्हता, जंगलाचा होता. गुरं चारायला, गवत-लाकूड आणायला ज्या रानात बापजादे जात होते, तिथे सरकारी राखीव जंगलाची पाटी लागली होती. १० जुलै १९३० ला पुसदजवळच्या राखीव जंगलात अणे यांनी गवत कापलं. पन्नाशीला टेकलेला वकील, संस्कृतचा पंडित, हातात विळा. अटक झाली आणि सहा महिन्यांची शिक्षा.

पहिलं उपोषण आलं ते १९३३ मध्ये. काँग्रेस बेकायदा ठरवलेली, मोठे नेते तुरुंगात आणि अणे हंगामी अध्यक्ष. ८ मे ला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या प्रश्नावर एकवीस दिवसांचं उपोषण सुरू केलं. सरकारने त्यांना सोडलं. उपोषणाच्या काळात देश चिंतेत असणार, म्हणून कायदेभंग सहा आठवडे थांबवावा असं त्यांनी सुचवलं आणि अध्यक्ष म्हणून तशी घोषणा केली अणे यांनी. हजारो लोक तेव्हा तुरुंगात होते. आंदोलन थांबवणं त्यातल्या पुष्कळांना पटलं नाही. घोषणेखाली नाव होतं अणे यांचं.

पुढच्याच वर्षी ते काँग्रेसच्या मुख्य प्रवाहापासून बाजूला झाले. जातीय निवाड्यावर काँग्रेसने ना स्वीकार ना विरोध अशी भूमिका घेतली. ती मालवीय आणि अणे यांना मान्य नव्हती. दोघांनी काँग्रेस नॅशनलिस्ट पक्ष काढला. म्हणजे १९४१ साल उजाडेपर्यंत या माणसाचा हिशोब असा होता: गांधीजींशी मतभेद अनेक, गांधीजींवर श्रद्धा कायम, आणि सत्तेच्या टेबलाशी बसण्याला तत्त्वतः हरकत नाही.

टेबलाशी जागा, पण चाव्या?

महायुद्ध सुरू होतं. भारताला न विचारता युद्धात ओढलं म्हणून काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी १९३९ मध्ये राजीनामे दिले होते. जगाला, त्यातही अमेरिकेला दाखवायला इंग्रजांना भारतीय चेहरे हवे होते. १९४१ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी आपली कार्यकारी परिषद वाढवली आणि पहिल्यांदाच तिच्यात भारतीयांची संख्या इंग्रजांपेक्षा जास्त झाली. अणे यांच्याकडे परदेशस्थ भारतीयांचं खातं आलं. सिलोन, ब्रह्मदेश, मलाया, आफ्रिका इथल्या भारतीय मजुरांचे आणि व्यापाऱ्यांचे प्रश्न.

बहुमत भारतीयांचं, पण गृहखातं इंग्रजाकडे, अर्थखातं इंग्रजाकडे, सैन्य सरसेनापतीकडे. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एखाद्याला लॉगिन देतात, स्क्रीनवर त्याला सगळं दिसतं, पण बदल करायची परवानगी भलत्याकडेच असते. तशातला प्रकार. परदेशस्थ भारतीयांचं खातं बिनकामाचं नव्हतं. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला तेव्हा लाखो भारतीय डोंगरदऱ्यांतून पायी मायदेशी येत होते आणि तो प्रश्न याच खात्याचा होता. पण देशात गोळी कुणावर चालवायची, कुणाला पकडायचं, याच्या चाव्या तिथे नव्हत्या.

मात्र चाव्या नसल्या तरी जबाबदारी होती. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजींसह सगळे नेते पकडले गेले. ही कारवाई 'गव्हर्नर जनरल इन कौन्सिल' यांची होती, म्हणजे परिषदेसह व्हाइसरॉयची. परिषदेत भारतीयांचं बहुमत होतं आणि अणे तिचे सदस्य होते. ज्याने बारा वर्षांपूर्वी गवत कापून कायदा मोडला, तो आता कायदा राखणाऱ्यांच्या बाजूला. याला पर्याय नव्हता असं म्हणता येत नाही. पर्याय होता, राजीनाम्याचा. तो त्यांनी तेव्हा घेतला नाही.

चिमूरहून आलेला माणूस

पुढच्या आठवड्यात, १६ ऑगस्टला, चांदा जिल्ह्यातल्या चिमूरमध्ये जमावाचा उद्रेक झाला. गोळीबार झाला, चिडलेल्या जमावाने सरकारी अधिकाऱ्यांना ठार मारलं. त्यानंतर गावात सैन्य आणि पोलिस आले. पुरुष पकडून नेले. आणि मग घराघरात शिरून बायकांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी बाहेर येऊ लागल्या. वर्तमानपत्रांवर बंधनं असल्याने बातमीही धड फुटत नव्हती.

सेवाग्रामच्या आश्रमात जयकृष्ण भन्साळी होते, प्राध्यापकी सोडून गांधीजींकडे आलेले. त्यांनी ठरवलं की चिमूरच्या बायकांसाठी कुणीतरी बोललं पाहिजे. ते गेले दिल्लीला, आणि दिल्लीत कुणाकडे, तर अणे यांच्याकडे. निवड विचारपूर्वक होती. सरकारात बसलेला विदर्भाचा माणूस तोच. चिमूर त्यांच्या यवतमाळच्या शेजारच्या जिल्ह्यात. चिमूरला चला, निदान निष्पक्ष चौकशी करवा, अशी ती मागणी. ती पुरी होईना तेव्हा नोव्हेंबर १९४२ मध्ये भन्साळी अणे यांच्या घरीच उपोषणाला बसले.

उपोषण अक्षरशः दारात आलेलं होतं.

पोलिसांनी भन्साळींना पकडलं आणि दिल्लीबाहेर काढलं. परत आल्यावर त्यांनी उपोषण पुन्हा धरलं, चिमूरकडे चालत निघाले, पुन्हा पकडले गेले, तरी सोडलं नाही. ते उपोषण ६३ दिवस चाललं आणि जानेवारी १९४३ मध्ये तडजोडीने सुटलं. चिमूरचं नाव देशभर झालं ते या उपोषणाने. अणे खुर्चीत होते, खुर्चीतच राहिले.

अणे यांच्या बाजूने बोलायचं तर बरंच बोलता येतं. कायदा आणि सुव्यवस्था हा प्रांताचा विषय. मध्य प्रांत-वऱ्हाडात तेव्हा निवडलेलं मंत्रिमंडळ नव्हतं, सगळा कारभार इंग्रज गव्हर्नरच्या हातात. दिल्लीत गृहखातं इंग्रज सदस्याकडे. परदेशस्थ भारतीयांच्या खात्याचा सदस्य चिमूरला जाऊन करणार काय? नियमाच्या पुस्तकात हे उत्तर बरोबर आहे. अणे नियमाच्या पुस्तकाचे पक्के होते.

पण भन्साळी हुकूम मागत नव्हते. ते अणे यांना म्हणत होते की तुम्ही तिथे बसलेले आहात म्हणून हे सरकार भारतीयांचं वाटतं, तेव्हा तुमच्या असण्याची काही किंमत चिमूरच्या पदरात पडू द्या.

१७ फेब्रुवारी १९४३

भन्साळींचं उपोषण सुटून महिनाही झाला नव्हता. १० फेब्रुवारी १९४३ ला पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असलेल्या गांधीजींनी एकवीस दिवसांचं उपोषण सुरू केलं. वय त्र्याहत्तर. १९४२ च्या हिंसाचाराची जबाबदारी सरकारने त्यांच्यावर टाकली होती, ती त्यांना मान्य नव्हती. उपोषणापुरतं सोडतो असं सरकार म्हणालं, त्यांनी नाकारलं. मग लिनलिथगोंनी भूमिका घेतली की मरणार असतील तर कैदेत मरोत.

परिषदेतल्या तीन भारतीय सदस्यांना हे सहन झालं नाही. होमी मोदी, नलिनीरंजन सरकार आणि माधव श्रीहरी अणे. १७ फेब्रुवारीला तिघांनी राजीनामे दिले. गांधीजींच्या उपोषणाबाबत काय करायचं या मूळ मुद्द्यावर मतभेद आहेत, एवढंच कारण. लांबलचक निवेदन नाही.

याचा परिणाम काय झाला? सरळ पाहिलं तर काहीच नाही. गांधीजींची सुटका झाली नाही. व्हाइसरॉय बधले नाहीत. ३ मार्चला उपोषण ठरल्या दिवशी पूर्ण झालं आणि गांधीजी वाचले ते आपल्या ताकदीवर. पण त्या परिषदेचा एक उपयोग होता, जगाला सांगायचा की भारतीय आमच्याबरोबर आहेत. तिघे उठून गेल्यावर ते सांगणं अवघड झालं. दाखवण्यापुरती खुर्ची असली तर ती रिकामी केल्याचंही दिसतं.

त्याच परिषदेत आणखी एक मराठी माणूस होता आणि त्याने राजीनामा दिला नाही. जुलै १९४२ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खात्याचे सदस्य होते. ही गोष्ट बाजूला ठेवून अणे यांचं कौतुक करणं अप्रामाणिक होईल. गांधीजींचं उपोषण म्हणजे काय, हे बाबासाहेबांना इतर सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. सप्टेंबर १९३२ मध्ये येरवड्यात गांधीजी अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध बसले, तेव्हा दुसऱ्या टोकाला बाबासाहेब होते. देशभराचा दाब एका माणसावर आला आणि मिळालेला हक्क सोडून पुणे करारावर सही करावी लागली. उपोषण नेहमी दुबळ्याचंच शस्त्र असतं, हे त्यांच्या अनुभवात बसत नव्हतं.

आणि त्यांच्या खुर्चीला चाव्या होत्या. सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलाशी आणणाऱ्या त्रिपक्षीय परिषदा, कामगारांच्या सोयी, कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी १९४६ ची दुरुस्ती, हे सगळं त्या खात्यातून पुढे आलं. ज्या समाजाला आधी टेबलाशी जागाच नव्हती, त्याच्या प्रतिनिधीने पहिल्याच संधीला उठून जावं, ही अपेक्षा कुणी करायची? एकाच परिषदेत दोन मराठी माणसं, एकाच प्रश्नाची दोन उत्तरं, आणि दोन्हींना आपापलं कारण.

म्हणून मला अणे यांना एकच प्रश्न विचारावासा वाटतो, आणि तो बाबासाहेबांबद्दल नाही. गांधीजींच्या जिवासाठी सुटलेली खुर्ची चिमूरच्या बायकांसाठी का सुटली नाही? तीन महिन्यांचं अंतर. खुर्ची तीच, अधिकार तेवढेच, माणूस तोच. फरक एवढाच की एका उपोषणाच्या मागे साऱ्या देशाचं नाव होतं आणि दुसऱ्याच्या मागे ज्यांची नावं कुणी छापली नाहीत अशा बायका होत्या.

पाटण्याचं राजभवन

राजीनाम्यानंतर अणे फार दिवस रिकामे राहिले नाहीत. त्याच वर्षी ते भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून सिलोनला गेले. तिथल्या चहाच्या मळ्यांत तमिळ मजुरांच्या पिढ्या राबत होत्या आणि ते नागरिक कोणत्या देशाचे हा वाद पेटत होता. ते काम त्यांनी १९४७ पर्यंत केलं. ते संविधान सभेतही होते. आणि मग १२ जानेवारी १९४८ ला बिहारचे राज्यपाल झाले. दुसऱ्याच दिवशी दिल्लीत गांधीजींनी हिंदू-मुस्लिम सलोख्यासाठी आपलं शेवटचं उपोषण सुरू केलं. १८ जानेवारीला ते सुटलं. ३० जानेवारीला गांधीजी गेले, मराठी माणसाच्या गोळीने.

पाटण्यातलं पद कोणतं होतं, हे नीट पाहण्यासारखं आहे. स्वातंत्र्य मिळालं होतं, राज्यघटना यायची होती. देश डोमिनियन होता, राजा सहावा जॉर्ज, त्याच्या वतीने दिल्लीत गव्हर्नर जनरल, आधी माउंटबॅटन आणि मग राजाजी. प्रांतात गव्हर्नर. म्हणजे २६ जानेवारी १९५० पर्यंत, औपचारिक अर्थाने, अमरावतीच्या शाळेतले हे माजी मास्तर पाटण्यात इंग्लंडच्या राजाच्या साखळीतली एक कडी होते. त्या दिवशी राजा गेला, प्रजासत्ताक आलं आणि त्याच बंगल्यात, त्याच खुर्चीत तेच अणे नव्या घटनेचे राज्यपाल झाले.

त्या वेळी आमच्या वडीगोद्रीत काय होतं? सप्टेंबर १९४८ च्या पोलिस कारवाईनंतर हैदराबाद भारतात आलं, आणि २६ जानेवारी १९५० ला आमच्या राज्याच्या प्रमुखपदी बसला खुद्द निजाम. पदाचं नाव राजप्रमुख. बिहारसारख्या राज्यांना राज्यपाल, संस्थानांतून झालेल्या राज्यांना राजप्रमुख. घटनेतलं काम जवळपास एकच. ज्याच्या रझाकारांविरुद्ध आमच्या आजोबांच्या पिढीने झुंज दिली, तो १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना होईपर्यंत आमचा घटनात्मक प्रमुख होता. एकाच प्रजासत्ताकात, एकाच दर्जाच्या दोन खुर्च्या: एकीवर जन्माने आलेला राजा, दुसरीवर वणीचा मास्तर.

तो फरक फक्त भावनेचा नव्हता. राज्यपाल निवडून यावा की नेमला जावा, यावर संविधान सभेत खूप खल झाला. आधीचा कल निवडणुकीकडे होता. मे १९४९ मध्ये नेमणुकीचा निर्णय झाला. निवडून आलेला राज्यपाल आणि निवडून आलेला मुख्यमंत्री एकमेकांना भिडतील, ही भीती होती. बाबासाहेबांनी सभेला समजावलं त्याचा आशय असा की राज्यपालाला स्वतःच्या मर्जीने चालवायचे अधिकार नाहीत, त्याला कर्तव्यं आहेत: सल्ला देणं, सावध करणं, फेरविचार करा म्हणणं. पक्षाचा माणूस म्हणून नव्हे, सगळ्या राज्याचा माणूस म्हणून.

बिहारमध्ये मुख्यमंत्री होते श्रीकृष्ण सिन्हा. त्या वर्षांत तिथे जमीनदारी नष्ट करणारे कायदे झाले. मोठ्या जमीनदारांनी कोर्टात धाव घेतली. मार्च १९५१ मध्ये पाटणा हायकोर्टाने बिहारचा कायदा रद्द ठरवला, आणि हे एक मोठं कारण होतं ज्यामुळे जूनमध्ये राज्यघटनेची पहिली दुरुस्ती आली. देशाच्या इतिहासातलं हे एवढं मोठं प्रकरण, पण त्याच्या सांगण्यात राज्यपाल अणे कुठे ठळक दिसत नाहीत. निर्णय मंत्रिमंडळाचा, वाद कोर्टात, उत्तर संसदेत. राज्यपाल आपल्या जागी. घटनेला हेच तर हवं होतं. जून १९५२ मध्ये, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर, ते पायउतार झाले.

आपल्या पिढीला राज्यपाल आठवतात ते ठळक दिसलेले. २३ नोव्हेंबर २०१९ च्या सकाळी मोबाइल उघडला आणि शपथविधी होऊनही गेला होता, हे महाराष्ट्रातलं कुणी विसरलेलं नाही. तेव्हाचे राज्यपाल भगतसिंह कोश्यारी हेही मूळचे शिक्षक. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांनी जून २०२२ मध्ये बहुमत चाचणी बोलावणं समर्थनीय नव्हतं असं म्हटलं. पेशा माणसाबद्दल फार काही सांगत नाही, एवढाच याचा अर्थ. शिक्षक असणं ही हमी नाही. मास्तर वर्गात एकटाच बोलतो, राजभवनात त्याला मंत्रिमंडळाचं ऐकावं लागतं. हे ज्याला जमतं त्याला जमतं.

खुर्चीनंतर

अणे यांनी राजभवन सोडलं तरी राजकारण सोडलं नाही. १९६२ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षाकडे जाताना, ते स्वतंत्र विदर्भाच्या मागणीवर नागपूरमधून लोकसभेवर निवडून गेले. नवा महाराष्ट्र होऊन दोनच वर्षं झाली होती. त्या मागणीचा धागा पुढे आमच्या जिल्ह्यापर्यंत येतो. त्यांचे नातू श्रीहरी अणे राज्याचे महाधिवक्ता होते. मार्च २०१६ मध्ये जालन्यातल्या एका कार्यक्रमात ते म्हणाले की मराठवाड्यावर विदर्भापेक्षाही जास्त अन्याय झाला आहे, मराठवाड्यानेही वेगळ्या राज्याचा विचार करावा. विधिमंडळात गदारोळ झाला आणि दोन दिवसांत त्यांनी राजीनामा दिला. महाधिवक्त्याला राज्यपाल नेमतात, त्यामुळे तो गेला राज्यपालांकडे. वेगळा मराठवाडा हवा की नको, हा वाद चालू राहील. पण पदावर असताना मत बोलायचं आणि मग पद सोडायचं, हे त्या घराण्यात नवं नव्हतं.

बापूजी अणे २६ जानेवारी १९६८ ला गेले, प्रजासत्ताक दिनाच्या दिवशी. त्याच वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. १९४३ मध्ये त्यांच्याबरोबर उठून गेलेले होमी मोदीही पुढे उत्तर प्रदेशचे राज्यपाल झाले. व्हाइसरॉयच्या परिषदेत बसलेल्या माणसांना स्वतंत्र भारताने राजभवनात बसवलं, कारण ते वेळेवर उठले होते. निदान आपण तसं मानतो.

चिमूरच्या बायकांना ती वेळ लागू नव्हती. त्यांच्यासाठी वेळ नोव्हेंबरमध्येच येऊन गेली होती.

आमच्याकडच्या मंडपांत कोणती मागणी बरोबर हे इतिहास ठरवून देणार नाही. पण पुढच्या वेळी महामार्गावर गाड्यांचा ताफा थांबेल, पांढऱ्या कपड्यांतली माणसं उतरतील, फळांच्या रसाचा पेला पुढे होईल, तेव्हा कॅमेरा जरा फिरवून दुसऱ्या टोकाकडे पाहावं. ज्यांच्या मागे गर्दी आहे त्यांच्यासाठी ही खुर्ची हलते, हे दिसतंच आहे. ज्यांच्या मागे गर्दी नाही, त्यांच्यासाठी ती शेवटची कधी हलली होती, हे तिच्यात बसलेल्याला विचारायला हवं. अणे यांना ते विचारायला भन्साळी सेवाग्रामहून दिल्लीला गेले होते.